चौथी कात

पावसाळ्यात मोहर्लीची वाघाची गडबड ओसरलेली असते. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोब्याचा गाभा बंद. फाटकापाशी जिप्सींची रांग नाही, आणि एरवी पहाटे चारला उठणारी मंडळी रोवणीत गुंतलेली. अशाच एका ऑगस्टमध्ये मी तिथल्या एका अंगणात चहा घेत बसलो होतो. शेजारच्या गोडलिंबाच्या पानावर काळपट-पांढरा, ओला चमकता डाग होता. “पाखराची घाण आहे जी,” घरच्या आजी म्हणाल्या. मी काडी लावली, तर त्या घाणीनं मान मागं टाकली आणि डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढली. उग्र वास सुटला. काही दिवसांनी त्याच फांदीवर हिरवीगार, गुबगुबीत अळी दिसली. “ही वेगळी,” आजींनी निकाल दिला.

अळी तीच होती. गोडलिंबावर किंवा लिंबावर वाढणारी ही फुलपाखरं अळीपणी पाच अवस्थांतून जातात. पहिल्या चार अवस्थांत ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसतात. चौथी कात टाकली की पानासारखी हिरवी होतात. या दोन रूपांत जनुकाचं एक अक्षरही बदललेलं नसतं. मग बदललं काय? या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळायला सुमारे शंभर वर्षं लागली, कारण सुरुवातीची बरीच वर्षं प्रश्नच वेगळा विचारला जात होता. ‘कोणता रंग?’ असं सगळे विचारत होते, ‘कधी?’ असं फार थोडे.

‘कोणता?’ हा प्रश्न आपल्या भागातल्या माणसांना नवा नाही. गडचिरोलीत आरमोरीच्या बाजूला ढिवर कुटुंबं ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे टसर रेशमाचे किडे, पाळतात. पाखरांपासून आणि मुंग्यांपासून अळ्या राखत दिवसचे दिवस रानात काढायचे, असं ते काम. कोशाची अळी अंड्यातून निघते तेव्हा पिवळट-तपकिरी असते आणि तिचं डोकं काळं असतं. पानं खाऊ लागली की दोनेक दिवसांत ती हिरवी होते. सगळ्याच होत नाहीत, मात्र. कळपात एखादी पिवळी, एखादी निळी, क्वचित बदामी निघते. पैदाशीच्या प्रयोगांत हिरवा रंग प्रभावी ठरला. त्यामागची गंमत अशी की किड्याच्या हिरव्यात पानातलं हरितद्रव्य नसतं. पानातून मिळालेलं पिवळं कॅरोटिनॉइड आणि अळीनं स्वतः बनवलेलं निळं पित्तद्रव्य मिसळून तो हिरवा होतो. पिवळं गळालं तर अळी निळी, निळं गळालं तर पिवळी, आणि दोन्ही गळाली तर बदामी. रंगपेटीतले पिवळा नि निळा मिसळून पाहिलेल्या पोरालाही हे पटेल.

रेशमाच्या किड्यानं आनुवंशिकतेच्या शास्त्राला फार लवकर हात दिला. जपानचे तोयामा कामेतारो सयामला रेशीमतज्ज्ञ म्हणून गेले होते. तिथले पिवळ्या कोशाचे आणि जपानमधले पांढऱ्या कोशाचे किडे यांचा संकर करून त्यांनी १९०६ मध्ये मेंडेलचे नियम किड्यातही लागू पडतात हे दाखवलं. तो पिवळा नेमका कुठल्या जनुकामुळं, हे मात्र २००७ मध्ये कळलं. पानातलं कॅरोटिनॉइड आतड्यातून उचलून पुढं नेणारं एक प्रथिन असतं. पांढऱ्या कोशाच्या जातींत ते नीट बनत नाही. म्हणजे पिवळा रंग बनवणारं असं जनुक नव्हतंच, होता तो हमाल. १०१ वर्षांनी सापडलेला हा हमाल मला या सगळ्या हकिकतीत फार आवडतो.

काळ्याची गोष्ट थोडक्यात. तुतीचा रेशीमकिडा जन्मतो तेव्हा मुंगीसारखा काळा असतो आणि पुढं फिकट होतो. काही वाणांत मात्र तो जन्मतःच लालसर-चॉकलेटी निघतो. हा चॉकलेटी वाण आणि ‘सूटी’ म्हणजे काजळी हा दुसरा वाण, यांची मुळं २००८ मध्ये सापडली. ती निघाली फळमाशीतल्या ‘यलो’ आणि ‘एबनी’ या जनुकांची भावंडं. फळमाशीवर प्रयोग करणाऱ्या मॉर्गनच्या बाटल्यांपासून ही नावं शास्त्रज्ञांच्या तोंडी होती. माशी आणि पतंग कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी काळा करायची भट्टी दोघांची एकच.

आता ‘कधी’. याची वाट लंडनमधून गेली, आणि तीही रक्त पिणाऱ्या एका ढेकणातून. १९३० च्या दशकात व्ही. बी. विगल्सवर्थ यांनी ऱ्होडनियस नावाच्या ढेकणावर प्रयोग केले. मेंदूमागच्या एका इवल्या ग्रंथीतून काही तरी रक्तात उतरतं आणि ते आहे तोवर किडा लहानच राहतो, असं त्यांना दिसलं. या द्रव्याचं नाव पडलं ज्युवेनाइल हार्मोन. आपण बालसंप्रेरक म्हणू. १९५६ मध्ये कॅरोल विल्यम्स यांनी ते पहिल्यांदा तेलाच्या रूपात काढलं, तेही अमेरिकेतल्या सेक्रोपिया पतंगाच्या नरांच्या पोटातून. सेक्रोपिया आपल्या कोशाच्या पतंगाच्याच कुळातला आहे.

गोडलिंबाच्या अळीचं कोडं सुटलं ते २००८ मध्ये. फुताहाशी आणि फुजिवारा यांनी जपानमधल्या लिंबाच्या फुलपाखराची, म्हणजे आपल्या अळीच्या चुलतबहिणीची, अळी घेतली. चौथ्या अवस्थेच्या अगदी सुरुवातीला त्यांनी तिला बालसंप्रेरकासारखं द्रव्य लावलं. तिनं चौथी कात टाकली, मोठी झाली, पण हिरवी झालीच नाही; पुन्हा पाखराची घाण होऊनच निघाली. एरवी त्या सुमारास संप्रेरक उतरतं आणि त्या उतरण्यातच हिरव्याचा हुकूम असतो. सुरुवातीच्या त्या थोड्या तासांत एकदा ठरलं की ठरलं. नंतर द्रव्य ओतून उपयोग नाही. २०१९ मध्ये फुजिवारांच्याच प्रयोगशाळेनं पुढचा दुवा जोडला. ‘क्लॉलेस’, ‘अ‍ॅब्डॉमिनल-ए’ आणि ‘अ‍ॅब्डॉमिनल-बी’ ही तीन जनुकं अंगावरच्या नक्षीची जागा आधीच आखून ठेवतात. ही मंडळी मूळची शरीराचे भाग पाडणारी. त्यांना रंगकामालाही जुंपलेलं पाहून मला आपल्या ग्रामपंचायतीतला एकुलता एक शिपाई आठवला.

चंद्रपूरकरांसाठी एक प्रयोग इथं सांगायलाच हवा. तंबाखूवरच्या मंडुका या पतंगाची अळी एरवी हिरवी असते. तिच्या एका वाणात बालसंप्रेरक कमी पडतं आणि अळी काळी होते. सुझुकी आणि नाइहाउट यांनी या काळ्या अळ्यांना ४२ अंशांचा उष्णतेचा झटका दिला, तर काही हिरव्या झाल्या. तशा निवडून पिढ्या वाढवल्या. १३ पिढ्यांत असा वाण तयार झाला, की थंडीत काळा आणि उष्णतेत हिरवा. हे २००६ मधलं. ४२ अंश! आमच्याकडे मे महिन्यात ४२ झालं की लोक ‘आज बरं आहे’ म्हणतात.

कात संपली की रंगाचं संपलं, असंही नाही. इरईच्या पाण्याकाठी बसलेला लाल चतुर सगळ्यांनी पाहिलेला असतो. तरुण नर मादीसारखाच पिवळट असतो आणि प्रौढ होता होता लालभडक होतो. याच जातीवर, क्रोकोथेमिस सर्व्हिलियावर, काम झालं ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. नवं रंगद्रव्य बनतच नाही. होतं तेच पिवळं द्रव्य रासायनिक क्षपणानं लाल होतं. पिवळ्या चतुराला क जीवनसत्त्व टोचलं, तोही लाल झाला. इतका साधा उपाय निघाल्याचं वाचलं तेव्हा मला खरं सांगायचं तर थोडं फसवल्यासारखं वाटलं.

आणि त्या गोडलिंबाच्या अळीचं पुढं काय? तिच्यातून ‘कॉमन मॉरमॉन’ उडतं. त्याच्या काही माद्या नरासारख्या, काही विषारी ‘रोझ’ फुलपाखरांची नक्कल करणाऱ्या. या नकलेचा सगळा पसारा ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाच्या हातात आहे, हे २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडणाऱ्या चमूत पहिलं नाव कृष्णमेघ कुंटे यांचं होतं. नर की मादी हे ठरवण्याशी बांधलेलं हे जनुक. ते पंखाच्या रंगातही हात घालतं.

पण सगळं समजलं म्हणून हुरळून जायचं कारण नाही. १८४८ मध्ये मँचेस्टरला दिसलेल्या काळ्या पतंगाचं कोडं २०१६ मध्ये सुटल्याचं जाहीर झालं. ‘कॉर्टेक्स’ जनुकात घुसलेला एक उपरा तुकडा पकडला गेला होता. २०२४ मध्ये फुलपाखरांवरच्या प्रयोगांतून दिसलं की खरं काम शेजारच्या ‘आयव्हरी’ या आरएनएचं आहे, आणि हा आरएनए प्रथिन बनवतही नाही. आठ वर्षं बोट शेजाऱ्याकडे रोखलेलं होतं.

ताडोब्याला येणाऱ्या पाहुण्याला वाघाचे पट्टे ओळखता येतात, कारण ते जन्मभर तेच राहतात. पावसाळ्यात मोहर्लीला, किंवा तुमच्याच अंगणात, गोडलिंबाच्या पानावर पाखराची घाण दिसली तर पुसू नका. आधी काडी लावून पाहा. शिंगं निघाली, तर आठवडाभर त्या झाडावर फवारणी करू नका.