गंज काढायचा, पण जपून

पावसाळा सरला की आपण माळा आवरायला काढतो. मुलुंड असो की बोरिवली, जुनी काचेची एखादी बाटली निघतेच. सासूबाईंची कोकम सरबताची, नाहीतर गोल्ड स्पॉटची. १९५२ साली आलेलं ते पेय १९९३ नंतर बंद पडलं, बाटल्या मात्र राहिल्या. काच धड असते, पण तोंडाशी तांबूस कडं दिसतं.

हा दोष काचेचा नाही. पत्र्याचं बूच दमट हवेत गंजतं आणि तो गंज काचेला धरतो. साबणानं तेलकटपणा जातो, गंज जात नाही. तो विरघळतो आंबटात. तांब्या-पितळेला आपण चिंच लावतो ना, तसंच हे.

आम्ही असं करतो. बाटलीला तडा नाही ना, ते आधी बघतो. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून बाटलीत ओततो. कडकडीत पाणी नको, काच तडकते. डाग बाहेरून असेल तर त्याच पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळतो. रात्रभर राहू द्यायचं. सकाळी मूठभर कच्चे तांदूळ आत टाकून हलवायचं, बाटलीच्या ब्रशानं घासून स्वच्छ धुवायचं. डाग जुना असेल तर दोन-तीन रात्री लागतात. वाळू किंवा तारेची घासणी नको, चरे पडतात. बाटलीवर रंगीत अक्षरं असतील तर ती घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अशा बाटलीत मनीप्लांट लावा, सरबत भरू नका.

आता महत्त्वाचं. आमच्या गटातल्या एका ताईंनी घाईनं संडास धुण्याचं ॲसिड सरबताच्या बाटलीत ओतलं आणि ती ओट्यावरच ठेवली. शाळेतून आलेल्या नातवानं पाणी समजून उचलली. सुनेनं वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. तेव्हापासून आम्ही ठरवलंय, खाण्यापिण्याच्या बाटलीत ॲसिड कधीच नाही. आणि ब्लीचिंग पावडर तर आंबटात मुळीच मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद मोरीत जीव गुदमरतो. शिवाय ब्लीचनं गंज जातही नाही.

धुतलेली बाटली उपडी ठेवून पूर्ण वाळवा. पत्र्याचं बूच काढून टाका, लाकडी बूच लावा. पुढच्या पावसाळ्यानंतर माळा काढाल तेव्हा बाटली स्वच्छच निघेल.