हरणाची पहिली रेघ

मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगचित्रपट विभाग उभा राहिला, तेव्हा आपल्या चित्रकारांना शिकविण्यासाठी डिस्ने स्टुडिओतील क्लेअर वीक्स येथे आले. त्या विभागात जी. के. गोखले होते, आणि पुढे २०१४ मध्ये पद्मश्रीने गौरविले गेलेले राम मोहनही. १९५७ साली तेथे जातककथेवरील ‘द बनियन डीअर’ तयार झाला. गाभण हरिणीची पाळी आली असता स्वतःची मान पुढे करणारा हरणांचा राजा हा त्याचा नायक.

हा एकच प्रसंग पडद्यावर आणावयाचा आहे असे समजा. सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी ठेवले तरी दहा सेकंदांच्या चालीस १२० चित्रे लागतात. ती सारी काढून झाल्यावर राजा करुणामय न दिसता भ्यालेला दिसला तर? मान तर दोन्ही भावांत झुकते. फरक असतो पाठीच्या वळणात आणि पाऊल पुढे पडते की मागे, यात. म्हणून जाणता चित्रकार आधी पोस्टाच्या तिकिटाएवढी कच्ची टिपणे काढतो. त्यांत डोळे नाहीत, ठिपके नाहीत. मस्तकापासून शेपटीपर्यंत धावणारी एक रेघ असते. आकृती शाईने काळी भरली तरी भाव कळतो का, हे तो पाहतो. वीस-पंचवीस टिपणांतून चार निवडतो, शेजारी वेळेचे आकडे मांडतो, आणि मगच मोठा कागद घेतो. मधली चित्रे सहायकांकडे जातात ती त्यानंतर.

इतवारीतील पेढ्यांना हे परके वाटू नये. खाडाखोड कच्च्या वहीत होते, खतावणीत नव्हे. तरीही घरातील मुलीने वही रेघोट्यांनी भरली की आपण विचारतो, “चित्र पूर्ण केव्हा करणार?” (हा प्रश्न बहुधा तिच्या आजोबांचा असतो.) संगणकावर काम करणारेही आरंभ याच रेघोट्यांनी करतात. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था किंवा मुंबई आयआयटीतील आयडीसी येथे अॅनिमेशन शिकण्याची ज्यांच्या मुलांना ओढ आहे, त्यांनी या वह्या रद्दीत घालू नयेत. पानोपानी तारीख मात्र घालावयास सांगावे.