पांढरा डाग

खरूज, नायटा, घामोळे यांची चर्चा आपण चारचौघांत बिनदिक्कत करतो. पण अंगावर पांढरा डाग उमटला की घरातली माणसे आवाज खाली आणून बोलू लागतात. मुलगी लग्नाची असेल तर डाग पदराखाली जातो, आणि डॉक्टरांपर्यंत पोचण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात. या भीतीचे मूळ आम्हांस रोगापेक्षा शब्दांतच अधिक दिसते. आयुर्वेदाने 'कुष्ठ' या एका नावाखाली त्वचेचे अठरा विकार सांगितले आणि ज्याला आपण कोड म्हणतो त्या श्वित्राचे वर्णनही त्यांच्या शेजारीच केले. पुढे लोकांच्या तोंडी 'श्वेतकुष्ठ' हा शब्द रुळला, आणि कोड व महारोग यांची जी सांगड बसली ती अजून सुटत नाही. वस्तुतः या दोहोंचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही.

आपल्या कातडीला रंग येतो तो तिच्यातील रंगपेशींमुळे. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच कधी कधी या पेशींना परक्या समजून त्यांचा नाश करते. कोड म्हणजे एवढेच. डाग दुधासारखा पांढरा होतो, पण तेथे चिमटा घेतला तर कळतो, ऊन-गार समजते. जंतूच नाही, तेव्हा लागण कोठून होणार? शंभर माणसांत साधारण एकाला हा विकार होतो. काही घराण्यांत तो अधिक आढळतो हे खरे, तथापि कोड असलेल्या आईबापांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही. माशांवर दूध प्याल्याने कोड फुटते म्हणणाऱ्यांनी दह्यात मासे शिजविणाऱ्या बंगाल्यांकडे एकदा पाहावे.

केसांच्या मुळांशी रंगपेशींचा राखीव साठा असतो, ही यातली मौजेची गोष्ट. औषध लागू पडले की डागात प्रथम केसांभोवती रांगोळीसारखे बारीक ठिपके उमटतात आणि तेच पसरत एकमेकांना मिळतात. म्हणून चेहऱ्यावरचे कोड पुष्कळदा चांगले भरून येते. बोटांची टोके आणि ओठ येथे केस नाहीत, तेथे ते हट्टी ठरते. डागातले केसही पांढरे झाले असतील तर साठा संपला असे समजावे. आपले वैद्य बावचीचे बी लावून रोग्याला उन्हात बसवीत, त्यातही तथ्य होते. बावचीतील सोरालेन हे द्रव्य आणि अतिनील किरणे यांची जोडी आधुनिक वैद्यकानेही पुढे वापरली; आता बहुधा विशिष्ट किरणांचा दिवाच पुरतो. मात्र घरच्या घरी बावची लावून कातडी भाजून घेऊ नये.

आता महारोगाकडे वळू. त्याचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनने 1873 साली शोधला. हा जंतू मज्जातंतूंत शिरतो, म्हणून डाग बधिर होतो. तो पांढराशुभ्र नसतो; फिकट किंवा तांबूस असतो, दुखत नाही, खाजत नाही. खरा घोटाळा येथे आहे. शुभ्र डागाला भिणारा माणूस या फिकट डागाकडे ढुंकून पाहत नाही, आणि हाताची बोटे वाकडी होऊ लागली म्हणजे मग धावतो. डोळे मिटावयास सांगून डागावर कापसाची वात टेकवावी. स्पर्श कळला नाही तर लगेच सरकारी दवाखाना गाठावा. 1981 पासून रूढ झालेली बहुविध औषधयोजना तेथे मोफत मिळते आणि सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात महारोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते कलम 2019 साली गेले. कोड तर त्या कायद्यात कधीच नव्हते, तरी ठरलेली लग्ने त्यापायी मोडत आली.

मुलांच्या गालांवरचे पुसट चट्टे जंतांचे नव्हेत; ती कोरड्या त्वचेची एक साधी तक्रार आहे. तेल किंवा मलम लावावे, कालांतराने जातात.

राहता राहिली शिबे. छाती, पाठ आणि मान यांवर दमट हवेत उठणारी ही पांढुरकी नक्षी एका बुरशीची असते. ही बुरशी आपणा सर्वांच्याच अंगावर नांदते, आणि डोक्यातल्या कोंड्यातही तिचाच हात असतो. औषधाने ती दोन-तीन आठवड्यांत मरते. पण कातडीचा रंग परतावयास काही महिने लागतात. तेवढा धीर नसलेला माणूस औषध फुकट गेले म्हणून कोडाची हमखास दवा विकणाऱ्याकडे जातो. तिकडे रंग आपल्या गतीने परत येतो, आणि श्रेय मात्र त्या बाटलीला मिळते.