पाण्याखाली दम का लागतो?

दादरचा महात्मा गांधी जलतरण तलाव असो की गिरगाव चौपाटीजवळचा मफतलाल बाथ, मोठेपणी पोहायला शिकणाऱ्यांची तक्रार एकच असते: डोकं पाण्यात गेलं की लगेच दम संपतो.

खरं तर तेव्हा प्राणवायू संपलेला नसतो. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि सोडलेल्या श्वासातही १६ टक्क्यांच्या आसपास उरतो. जीव घुसमटतो तो मुख्यतः रक्तात वाढणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला ही वाढ कळते आणि ती श्वास घ्यायला भाग पाडते. भीतीने अंग आखडलं, हातपाय जोरात मारले, की हा वायू अधिक वेगाने तयार होतो.

म्हणून नवशिक्यांनी श्वास कोंडून धरू नये. तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने संथपणे बुडबुडे सोडावेत आणि वर येताच तोंडाने हवा घ्यावी. उथळ पाण्यात काठ धरून हा सराव करावा.

एक सवय मात्र जिवावर बेतते: बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेणं. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. मग शरीराचा इशारा उशिरा येतो आणि तोवर प्राणवायू घसरून माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडू शकतो. पट्टीचे पोहणारेही असे बुडाले आहेत.

तेव्हा पाण्याखाली दम धरण्याच्या पैजा लावू नका आणि जीवरक्षकाची नजर नसताना बुडी मारू नका.