समुद्र नसलेला मुलूख

परवा रात्री जेवणे आटोपल्यावर आमच्या घरातील मुले नकाशांचे पुस्तक पसरून बसली होती. ज्या देशांना समुद्रकिनारा नाही अशांची नावे सांगावयाची, असा खेळ चालला होता. नेपाळ, भूतान, अफगाणिस्तान, स्वित्झर्लंड अशी यादी झाली. धाकटीने उझबेकिस्तानचे नाव घेऊन सर्वांवर मात केली, कारण त्या देशाचे शेजारीदेखील समुद्राला पारखेच आहेत. इतक्यात कोपऱ्यात सुपारी कातरीत बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "अरे, मी ह्या हर्सुलात जन्मले तेव्हा हे गावसुद्धा असल्याच एका राज्यात होते की!"

मुलांना ते खरे वाटेना. पण आत्याबाईंचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. औरंगाबादच्या दिल्ली दरवाजाबाहेर, अजिंठ्याच्या वाटेवर असलेले हे हर्सूल 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. ते संस्थान इंग्रजांचे मांडलिक होते, तेव्हा त्यास स्वतंत्र देश म्हणता येणार नाही. तथापि त्याचे नाणे निराळे, टपाल निराळे, रेल्वे निराळी आणि जकातही निराळी होती. क्षेत्रफळ सुमारे 82,000 चौरस मैल, म्हणजे नेपाळच्या जवळजवळ दीडपट आणि स्वित्झर्लंडच्या पाचपट! 1941 च्या खानेसुमारीत लोकसंख्या 1 कोटी 63 लाख भरली. त्यांतील निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे, चतुर्थांश आपण मराठी, आणि बाकीचे मुख्यतः कानडी व उर्दू बोलणारे. दरबारची भाषा मात्र उर्दू. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उच्च शिक्षण त्याच भाषेतून मिळे.

हे राज्य प्रथमपासून समुद्रहीन नव्हते. मच्छलीपट्टणचे बंदर ज्यात येते तो पूर्व किनाऱ्यावरील उत्तर सरकार प्रांत निजामाचाच होता. 1766 च्या तहाने तो इंग्रजांच्या कंपनीकडे गेला, 1788 साली गुंटूरही गेले, आणि किनाऱ्याशी असलेला शेवटचा धागा तुटला. पुढे 1802 च्या व्यापारी तहात मच्छलीपट्टण बंदराचा उपयोग करण्याची मुभा निजामास मिळाली. परंतु घर दुसऱ्यास देऊन अंगणातून जाण्यायेण्याची परवानगी घ्यावी, त्यातलाच तो प्रकार.

समुद्र नसला म्हणजे काय अडते, हे गृहिणींना मिठावरून चटकन उमगेल. किनाऱ्यावर पिकणारे मीठ ह्या मुलखात परक्या हद्दीतूनच यावयाचे. रेल्वे येण्यापूर्वी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून ते आणीत आणि परतताना धान्य घेऊन जात. मीठ असो, कापड असो की काडेपेटी असो, हद्दीवर करोडगिरीचा नाका लागे. करोडगिरी म्हणजे संस्थानची जकात. शिवाय इकडचा हाली शिक्का तिकडच्या कलदार रुपयाहून हलका. शंभर कलदारांस सुमारे 116 हाली मोजावे लागत. फर्दापूर ओलांडून खानदेशात लेक दिली की माहेरच्या ओवाळणीचाही हिशेब दोन नाण्यांत करावा लागे, असे आत्याबाई सांगतात.

1900 साली गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत आगगाडी आली आणि जालना, परभणी, नांदेड येथील कापसास मुंबईचा रस्ता मोकळा झाला. मोकळा म्हणावयाचे ते बेताचेच. निजामाची ही गाडी मीटर गेजची व मनमाडहून मुंबईस जाणारी ब्रॉड गेजची. त्यामुळे गासड्या मनमाडास एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवाव्या लागत. ही अडचण गेल्या शतकाच्या अखेरीस रूळ रुंद झाले तेव्हा कोठे संपली.

समुद्राची खरी गरज निजामास भासली ती 1947 साली. इंग्रज निघून गेले आणि चोहोंकडून स्वतंत्र भारताची हद्द लागली. पोर्तुगिजांकडून गोव्याचे मार्मागोवा बंदर मिळविण्याचे त्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. माल अडविला जातो, अशी त्याच्या सरकारची ओरड चालू झाली. शेवटी 1948 साली सिडनी कॉटन नावाच्या वैमानिकाने कराचीहून रात्रीच्या विमानांनी शस्त्रे आणून दिली. ज्यास किनारा नाही त्याने आकाशाची वाट धरावी, ह्यात नवल नाही. पण त्या शस्त्रांपायी प्रजेच्या वाट्यास काय आले असते, ह्याचा विचार करवत नाही. रझाकारांचा जाच लोक आधीच भोगीत होते. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा आत शिरल्या व 17 तारखेस सर्व संपले. 1956 साली मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि हर्सूलला पुन्हा नकाशावर तरी समुद्र लाभला!

पाऊस मात्र नकाशा पाहून पडत नाही. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात; महाबळेश्वरी वर्षास 200 इंचांहून अधिक पडणारा पाऊस औरंगाबादेस जेमतेम 28 इंचांवर येतो. काळी जमीन ज्वारी, कापूस, तूर उत्तम देते, आणि आता सोयाबीन व मोसंबीही. परंतु एक नक्षत्र कोरडे गेले की शेतकऱ्याचा जीव टांगणीस लागतो. गोदावरीचेच पाहा. अरबी समुद्रापासून अवघ्या 50 मैलांवर, त्र्यंबकेश्वरी तिचा उगम. परंतु ती त्या समुद्राकडे पाठ फिरवून 900 मैलांवरच्या पूर्वसमुद्रास जाते. 1976 साली पुरे झालेल्या पैठणच्या धरणाने तिचे पाणी अडविले, तरी तहान भागली नाही. 1972 चा दुष्काळ वडील माणसांस आठवत असेलच; आणि 2016 साली लातूरकरांना पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणून द्यावे लागले, हे तर मुलांनीही पाहिले आहे.

मलिक अंबराने 1610 च्या सुमारास खडकी वसविली, तीच पुढे औरंगाबाद आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर झाली. उत्तरेकडील डोंगरांचे पाणी त्याने जमिनीखालच्या नहरींतून शहरात खेळविले. खाम नदीवरील आमच्या हर्सूलच्या तलावाचे पाणी आजही शहराच्या काही भागास जाते. पाऊस लांबला की त्याचा तळ दिसू लागतो.

मुलांना ह्याहून मौज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. 2015 साली जालन्याजवळ 'कोरड्या बंदरा'ची पायाभरणी झाली, असे मी सांगितले तेव्हा ती पोट धरून हसली. कारखान्यांतील माल येथेच पेट्यांत भरावयाचा, येथेच जकातीची तपासणी उरकून मोहोर करावयाची आणि पेट्या तशाच न्हावाशेव्यास जहाजावर चढवावयाच्या, अशी ही योजना, हे मग मी समजावून दिले.

आत्याबाईंनी सुपारी तोंडात टाकली. "म्हणजे पुन्हा करोडगिरीचा नाकाच म्हणा की," त्या म्हणाल्या.