पासष्टाव्या वर्षी पुन्हा पहिलीत!

दोस्तांनो, नव्या शाळेतला पहिला दिवस आठवतोय? कुठल्या बाकावर बसायचं, डबा कुठे खायचा, कोणत्या बाई कडक, काही म्हणजे काही ठाऊक नसतं! आता कल्पना करा, असा पहिला दिवस पासष्ट वर्षांच्या आजोबांच्या वाट्याला आला तर? आणि तोही परक्या देशात!

अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिको हा देश आहे. तिथल्या ग्वादालाहारा शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर चपाला नावाचं सरोवर आहे, मेक्सिकोतलं सर्वांत मोठं. त्याच्या काठावर आहिहीक नावाचं गाव. उंची सुमारे १५०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही थोडी जास्तच. त्यामुळे ना कडाक्याची थंडी, ना घामाच्या धारा. पाऊसही आपल्यासारखा, जून ते ऑक्टोबर.

अमेरिका आणि कॅनडातले हजारो लोक नोकरी संपली की या भागात राहायला येतात. एक तर तिकडच्या बर्फातून सुटका होते. दुसरं म्हणजे, तिकडे जेमतेम पुरणारी पेन्शन इथे जास्त दिवस पुरते.

वाटतं ना, काय मजा! पण खरी परीक्षा इथेच सुरू होते बरं का.

पहिला पेपर भाषेचा. मेक्सिकोत स्पॅनिश बोलतात. 'कान्सादो' म्हणजे दमलेला आणि 'कासादो' म्हणजे लग्न झालेला. भर उन्हात पिशव्या घेऊन आलेले आजोबा 'मी दमलोय' ऐवजी 'माझं लग्न झालंय' असं सांगून बसले, तर दुकानदार हसणारच! शिवाय इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. स्पॅनिशमध्ये मात्र मित्राला 'तू' आणि वडीलधाऱ्या माणसांना 'उस्तेद'. तुम्हांला हे कळायला क्षणही लागणार नाही, कारण आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' आहेच. अमेरिकन आजोबांना मात्र दर वेळी थांबून विचार करावा लागतो.

दुसरा पेपर वेळेचा. नळ दुरुस्त करणारा माणूस 'आओरिता' म्हणतो. शब्दाचा अर्थ 'आत्ताच'. पण तो दहा मिनिटांनी येईल, संध्याकाळी येईल किंवा उद्याही! आपण नाही का 'पाच मिनिटांत आलोच' असं म्हणतो, तसंच. मुख्य जेवणही दुपारी दोन-तीनच्या पुढे. खानावळीतून बाहेर पडताना शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांनाही 'प्रोवेचो' म्हणायचं, म्हणजे 'जेवण अंगी लागो'. न बोलता निघून गेलात तर उद्धट ठराल.

तिसरा पेपर सर्वांत अवघड. घराची आठवण! नातवंडं दूर राहिलेली. आजारपण आलं तर आणखी काळजी. अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांसाठी 'मेडिकेअर' ही सरकारी आरोग्य-योजना आहे, पण देशाबाहेरच्या उपचारांचा खर्च ती सहसा देत नाही. त्याची सोय स्वतःच करावी लागते.

पण मित्रांनो, या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ती म्हणजे गावातल्या लोकांची. नोव्हेंबरअखेर गावदेवाचा, म्हणजे संत आंद्रेसचा उत्सव असतो. नऊ दिवस मिरवणुका, बँड आणि पहाटेच फटाके! काही पाहुणे वैतागतात, "आम्ही इथे शांततेसाठी आलो!" असं म्हणतात. पण गाव कुणाचं? उत्सव तर त्यांच्या आधीपासूनचा. शिवाय डॉलर खर्च करणारी माणसं वाढली की दुकानं चालतात, कामं मिळतात हे खरं; पण घरांच्या किमती आणि भाडीही वाढतात. मग त्याच गावात जन्मलेल्या तरुणाला तिथे घर घेणं कठीण होतं. पाहुण्यांनी हेही लक्षात ठेवायला नको का?

ज्यांनी ते लक्षात ठेवलं, अशांपैकी एक होत्या नील जेम्स. प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या या अमेरिकन लेखिका १९४३ साली आहिहीकला आल्या आणि तिथल्याच झाल्या. गावातल्या मुलांसाठी त्यांनी वाचनालय सुरू केलं, चित्रं काढायला रंग-कागद दिले. त्यांतली काही मुलं पुढे खरोखर चित्रकार झाली! परदेशी रहिवाशांची 'लेक चपाला सोसायटी' १९५५ मध्ये स्थापन झाली. नील जेम्स यांनी आपली बाग आणि घर पुढे तिलाच देऊन टाकलं. शंभरीला टेकल्या असताना, १९९४ साली त्या वारल्या. त्या आवारात मुलांचे चित्रकलेचे वर्ग आजही भरतात.

आणखी एक गंमत सांगू? १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत गेलेल्या माणसांची आठवण करतात, आपल्या पितृपंधरवड्यासारखी. फोटो मांडतात, त्यांचे आवडते पदार्थ ठेवतात आणि भोवती पिवळ्याधमक फुलांची आरास करतात. ती फुलं कोणती, ओळखा पाहू! आपला दसऱ्याचा झेंडू! तो मूळचा मेक्सिकोचाच. परक्या मातीतून आला आणि आपल्या तोरणात असा काही बसला, की तो पाहुणा होता हेच आपण विसरलो.

माणसांनाही हे जमतं. मात्र 'मला सगळं येतं' हे घरी ठेवून यावं लागतं आणि पासष्टाव्या वर्षीही पहिलीच्या बाकावर बसावं लागतं.

तुमच्या वर्गात या वर्षी कुणी नवीन आलंय का? मग उद्या डबा खाताना त्याला आपल्या शेजारी बोलवा. बोलवाल ना?