टेकूवर उभ्या इमारती

जालन्यातल्या मस्तगडाचा किल्ला १७२५ सालचा. निजाम-उल-मुल्क आसफजहाच्या हुकमावरून काबिलखानाने तो बांधला, आत प्रशस्त विहीर केली आणि पुढे त्यात नगरपालिकेची कचेरी भरू लागली. तीनशे वर्षांची दगडी वास्तू सरकारी कामाला जुंपण्यात जालनेकरांना नवल वाटत नाही. पण फ्लॅटचा विषय निघाला की हीच माणसे सांगतात, ‘इमारत तीस वर्षांची झाली, आता पाडायलाच हवी.’ इमारत वयाने मरते हा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. तो कितपत खरा, हे पाहायचे तर मुंबईकडे जावे लागते. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र सरकारी मंडळ तिथे पन्नासहून अधिक वर्षे काम करते आहे.

गिरगाव, काळबादेवी, डोंगरी, लालबाग या भागांतल्या बऱ्याच चाळी भाड्याच्या. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या खोल्यांचे भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी होते तिथेच गोठवले. युद्धकाळातल्या महागाईत भाडेकरूला आधार हवाच होता, त्यामुळे हेतूला नावे ठेवता येणार नाहीत. पण सिमेंट, सागवान, गवंड्याची मजुरी वाढत गेली आणि भाडे जागेवरच राहिले. महिन्याच्या भाड्यात गच्चीवर डांबर घालणेही परवडेना, तेव्हा मालकाने हात वर केले. भाडेकरू म्हणाला, इमारत मालकाची, मी का खर्च करू? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते, आणि त्या बरोबरपणात छप्पर गळत राहिले.

पावसाळ्यात घरे कोसळू लागली, तेव्हा बेडेकर समिती नेमली गेली. १९६९ साली कायदा झाला आणि १९७१मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ उभे राहिले. १९७७ साली ते म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात, आले. मालमत्ता कराबरोबर सेस म्हणजे उपकर गोळा करायचा आणि त्यातून दुरुस्त्या करायच्या, अशी योजना. उपकर लागू झाला तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. त्यांतल्या १६,५०२ ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या. भाडे गोठवण्याची तारीखही हीच. मंडळाच्या वर्गवारीतच रोगाचे निदान लिहून ठेवलेले आहे!

या इमारती कुजतात कशा, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. सांगाडा सागवानी: उभे खांब, आडव्या तुळया, त्यांवर फळ्या आणि वर कोबा. मधल्या भागातले सागवान शंभर वर्षांनीही ठणठणीत सापडते. घात होतो तो तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकाशी, त्यातही मोरीच्या नि सामाईक संडासाच्या बाजूला. तिथे ओल मुरते, हवा लागत नाही. बाहेरून रंग शाबूत असतो. जाणता मिस्त्री हातोडीने ठोकत जातो आणि आवाज बद्द आला की तिथे पेचकस खुपसतो. तो सहज आत गेला तर लाकूड गेलेच. मग टेकू लावून वरचा भार त्यावर घ्यायचा, कुजलेला तुकडा कापायचा, नव्या लाकडाचा सांधा भरायचा किंवा दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल घालून बोल्ट आवळायचे. हे होत असताना बिऱ्हाडे आतच राहू शकतात.

एवढे कष्ट नकोत म्हणून सरसकट लोखंडी तुळया घातल्या जातात आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापला जातो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. वरून भिंत गुळगुळीत दिसते, आत विटा झिजत राहतात आणि शेजारच्या लोखंडाला गंज चढतो. अशा दुरुस्तीपेक्षा न केलेली बरी, असे म्हणण्याचा मोह होतो. पारशी ट्रस्टच्या लाल चिमणी कंपाउंडसारख्या वसाहतींत विकास दिलावरी या वास्तुविशारदांनी जुन्या चाळी मूळ पद्धतीने नीट करून दाखवल्या आहेत. म्हणजे कारागिरी अजून शिल्लक आहे. अडते ते दुसरीकडे.

१९९१च्या विकास नियमावलीत ३३(७) हे कलम आले आणि जुनी इमारत पाडणाऱ्याला वाढीव चटईक्षेत्र मिळू लागले. त्यानंतर दुरुस्तीत कोणाचेच हित उरले नाही. मालक बिल्डरची वाट पाहतो, भाडेकरू मोठ्या फ्लॅटची. दर पावसाळ्याआधी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी लावते, नोटिसा देते. रहिवासी हलत नाहीत. त्यांना हटवादी म्हणणे सोपे आहे. संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे दोन-दोन पिढ्या तिथेच अडकलेली त्यांनी पाहिली आहेत. भेंडीबाजारची हुसैनी इमारत म्हाडाने २०११मध्येच धोकादायक ठरवली होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी ती कोसळली, ३३ जण गेले. आता म्हाडा कायद्याच्या ७९-अ कलमाने मालकाला पुनर्विकासासाठी सहा महिने मिळतात, नंतर भाडेकरूंना सहा महिने, आणि तरीही काही हलले नाही तर म्हाडा जागा ताब्यात घेऊ शकते. तेही पाडण्याचेच वेळापत्रक. दुरुस्तीला असे कोणी वेळापत्रक लावून दिलेले नाही.

जालन्याला उपकर नाही, मंडळही नाही. इथे फ्लॅटचा मालक तोच रहिवासी, म्हणून ‘मी का करू’ हा वादच उरत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दुरुस्ती निधीत आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडात जमा करायची असते. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी, त्याहून जुनीचे दर तीन वर्षांनी करायचे असते. पुढच्या वार्षिक सभेत सेक्रेटरींना एवढेच विचारा: निधीत किती जमा आहे आणि शेवटचे परीक्षण कोणत्या साली झाले?